उगारलेली मूठ राहू द्या, टेप घ्या: पहिलं स्त्रीवादी मिश्रमाध्यम चित्र करताना

‘स्त्रीची ताकद’ या विषयावर चित्र करायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत काय काय सुचतं, ते मला पाठ आहे. उगारलेली मूठ. केसांच्या जागी फुलं फुललेला चेहरा. तुटलेली साखळी, फुलपाखरू, पंख. माझं पहिलं चित्र पंखांचंच होतं: मासिकांतून कातरलेली पिसं, त्यावर सोनेरी रंग, मध्ये पाठमोरी बाई. दिसायला बरं होतं. पण ही बाई कोण, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुसरं चित्र जमलं ते मावशीच्या टेपमुळे. मावशीने चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. एकदा तिची माप घ्यायची टेप सहज उलगडून बघत होते, तर २८ पासून ३६ पर्यंतचे आकडे जवळजवळ पुसलेले आणि बाकीचे चांगले ठळक. छातीची-कमरेची मापं बहुतेक तिथेच येऊन थांबतात आणि तिथेच तिचा अंगठा दाबला जायचा. पंखांना जे सांगता आलं नव्हतं ते त्या आठ इंचांत होतं.

म्हणून या लेखात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका: विषयापासून निघू नका, वस्तूपासून निघा. टेपचं चित्र कसं केलं ते पायरीपायरीने लिहिते आहे. तुमची वस्तू वेगळी असेल, पण चिकटवताना, शिवताना आणि फोटो उतरवताना लागणारी अक्कल तीच.

सुरुवातीआधी थोडा इतिहास

मिश्रमाध्यम म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, कापड, दोरा, फोटो, शब्द आणि वस्तू हे सगळं किंवा यातलं काहीही. हा प्रकार स्त्रीवादी चित्रकर्तींना जवळचा वाटला त्याला कारण आहे. तैलरंग आणि संगमरवर ही ‘कला’ होती. कातरणं, चिकटवणं, शिवणं हा बायकांचा ‘वेळ घालवण्याचा’ उद्योग होता. मेरी डेलनी या इंग्लिश बाईंनी १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून फुलांची चित्रं करायला घेतली. दहा वर्षांत जवळपास हजार केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण कोलाजचा इतिहास सांगताना पुष्कळ लोक सुरुवात करतात ती १९१२ च्या आसपासच्या दोन पुरुष चित्रकारांपासून.

बर्लिनमध्ये हाना ह्योख या चित्रकर्तीने १९१९ च्या सुमारास छापील फोटो कापून एक मोठं चित्र केलं आणि त्याच्या शीर्षकातच स्वयंपाकघरातली सुरी आणली. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, युरोपच्या नकाशाचा एक तुकडा आहे. कुठल्या देशांत बायकांना मताचा हक्क मिळाला ते त्यावर दिसतं. त्या नकाशाच्या कडेला तिने स्वतःचा चिमुकला चेहरा चिकटवला. सही करायची ही पद्धत मला फार आवडते.

पुढे १९७० च्या दशकात मिरियम शपिरो आणि मेलिसा मायर या चित्रकर्तींनी बायकांच्या अशा कामाला ‘फेमाज’ असं नावच दिलं. त्यांनी चौदा खुणा सांगितल्या: जपून ठेवणं आणि गोळा करणं, उरलेल्या चिंध्या वापरणं, रोजनिशीसारखी नजर, हाताने लिहिलेला मजकूर शिवून टाकणं, अशा. यातल्या निम्म्या दिसल्या तरी काम फेमाज म्हणता येईल, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या घरात जुनी बटणं भरलेला एखादा डबा असेल तर दोन-तीन खुणा तिथेच झाल्या.

पायरी पहिली: वस्तू

कागदावर ‘ताकद म्हणजे काय’ असं लिहून विचार करत बसू नका. उठा आणि घरातले खण उघडा. कुठल्या तरी बाईच्या हातात फार वर्षं राहिलेली आणि वापरून झिजलेली वस्तू शोधा. ती बाई तुम्ही स्वतः असाल तर उत्तमच. काडी तुटल्यावर दोऱ्याने बांधलेला चष्मा, हिशेबाची वही, चाव्यांचा जुडगा, दवाखान्यात मनगटाला बांधलेली नावाची पट्टी, धावून धावून एका बाजूने झिजलेला बूट. नापास झाल्याचं गुणपत्रकही चालेल. चिडणं, हट्ट, थकवा, ठाम नकार, उगाच येणारं हसू हे सगळं आत्मआविष्कारात बसतं. प्रत्येक बाईला चित्रात देवी करायची गरज नाही.

वस्तू सापडली की तिच्याकडे पंधरा मिनिटं नुसतं बघा आणि दोन गोष्टी लिहून काढा. ती कुठे झिजली आहे? आणि ती काय *करते*? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्रियापदात द्या. बांधणं, झाकणं, मोजणं, उसवणं, रफू करणं, खरवडणं, पुसणं, घडी घालणं, टाचणं, सोडवणं. आपल्या भाषेत अशी हाताची क्रियापदं भरपूर आहेत, त्यांची यादी करताना मजा येते. त्यातली दोनच निवडा. माझी होती ‘मोजणं’ आणि ‘सैल करणं’. पुढच्या प्रत्येक निर्णयाला हीच दोन क्रियापदं लावून बघायची: इथे निळा रंग का? तो मोजतोय की सैल करतोय? दोन्हीपैकी काहीच करत नसेल तर तो फक्त शोभेला आलाय, काढा.

वस्तू आणि क्रियापद एकत्र आल्यावर काय होतं ते मोठ्या कलाकारांच्या कामात बघून घ्या. बेटी सार यांचं ‘द लिबरेशन ऑफ आँट जेमायमा’ हे १९७२ चं काम जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीची पेटी आहे. जाहिरातींनी रूढ केलेली हसतमुख कृष्णवर्णीय मोलकरणीची बाहुली त्यांनी तशीच घेतली, तिच्या एका हातात झाडू राहू दिला आणि दुसरीकडे रायफल दिली. बाहुलीचं हसू तेच आहे, पण आता ते बघताना आपण सावरून बसतो. शीला गौडा यांनी १९९८ मध्ये शेकडो फूट दोरा सुयांच्या नेढ्यांतून ओवला, कुंकू आणि डिंक लावून त्याचे लालभडक दोरखंड केले आणि टोकाला सुयांचे झुबके तसेच लोंबते ठेवले. बाईचं एकही चित्र नाही, तरी सगळं काम बाईच्या अंगाबद्दल आणि श्रमाबद्दल आहे. चिलीमध्ये १९७३ साली लष्कराने सत्ता घेतली, त्यानंतर बेपत्ता झालेल्या माणसांच्या आया, बायका आणि बहिणींनी गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवली. काहींनी त्यासाठी हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे वापरले. बायकांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि चर्चच्या मदतीने ती चित्रं देशाबाहेर गेली.

हे बघायचं ते नक्कल करण्यासाठी नव्हे. सामान स्वतः बोलतं, एवढं पटण्यासाठी.

सामान

फार नको. ३०० जीएसएमचा जलरंगाचा जाड कागद, ३० बाय ३० सेंटिमीटर. तेवढाच प्लाय किंवा एमडीएफचा तुकडा. पांढरा जेसो, म्हणजे रंगाआधी पाया म्हणून द्यायचा लेप. अ‍ॅक्रिलिकचे तीन रंग: पांढरा, काळा आणि तुमचा एक. मॅट मीडियम (रंग न घातलेलं, न चमकणारं पातळ अ‍ॅक्रिलिक, गोंदासारखं वापरायचं) आणि थोडं जेल मीडियम (तसंच, पण घट्ट). दोन चपटे ब्रश, कटर, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप. भरतकामाचा सुती दोरा, जाड सुई, दाभण.

गोंदाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवशिक्यांची चित्रं बहुधा इथेच मार खातात. सुतारकामाचा पांढरा गोंद सरावाला चालतो, पण काही वर्षांनी तो पिवळसर आणि कडक होऊ शकतो. ठेवायच्या कामासाठी मॅट मीडियम घ्या. ते अ‍ॅक्रिलिकच्याच कुळातलं असल्यामुळे रंगाशी भांडत नाही आणि वाळल्यावर लवचीक राहतं. पातळ कागदाला मॅट मीडियम, जाड कागदाला आणि कापडाला जेल. कात्री, कुलूप असं वजनदार काही लावायचं असेल तर गोंदावर विसंबू नका. पाठीला भोकं पाडून तारेने बांधा.

तैलरंग आत्ता बाजूला ठेवा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर त्यावर तैलरंग देता येतो, पण तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक दिलं तर ते पुढे सुटून येतं. ही चूक लगेच दिसत नाही, म्हणून जास्त वाईट.

पायरी दुसरी: पाया

कागद मास्किंग टेपने चारही बाजूंनी टेबलावर किंवा पाटावर घट्ट चिकटवा. जेसोचे दोन पातळ हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये पूर्ण वाळू द्या. मग कागद उलटा करून मागेही एक हात द्या. हा मागचा हात सगळे टाळतात आणि मग कागद पापडासारखा वळला की माझ्याकडे येतात. एकाच बाजूला ओल आणि ताण बसला की कागद तिकडे ओढला जातो, दोन्ही बाजूंना बसला की सपाट राहतो.

पायरी तिसरी: न चिकटवता मांडणी

आता सगळे तुकडे कागदावर नुसते मांडा. गोंदाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा, खरंच.

माझ्याकडे होते: टेप, मावशीच्या मापांच्या वहीची पानं, तिच्या हातांचा फोटो, अस्तराचे तुकडे, खडूच्या खुणा असलेलं एक बेतलेलं कापड. टेप दीडशे सेंटिमीटर, कागदाचा घेर एकशेवीस. कापायची मुळीच इच्छा नव्हती. म्हणून टेप खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर नेली, चौकटीसारखी फिरवली आणि उरलेली साधारण तीस सेंटिमीटर चित्राच्या बाहेर खाली लोंबती सोडली. पुसलेले आकडे आपोआप उजव्या कडेला आले. हे मी ठरवलं नव्हतं, टेपच्या लांबीने ठरवलं. वस्तूपासून निघालं की असे निर्णय फुकट मिळतात.

प्रत्येक मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सगळं सारखंच करडं दिसलं तर चित्र सपाट आहे. एखादा ठिपका फार गडद किंवा एखादी जागा अगदी पांढरी हवी. मग एक तुकडा काढून टाका. मग आणखी एक. माझ्या मांडणीतून अस्तर आणि ते बेतलेलं कापड दोन्ही गेलं. कापड जाताना वाईट वाटलं, पण टेप आणि खडूच्या खुणा एकच गोष्ट दोनदा सांगत होत्या.

पायरी चौथी: चिकटवणं, आणि माझी शाई कशी पसरली

मापांच्या वहीचं एक मूळ पान मी थेट चिकटवायला घेतलं. शाईच्या पेनाने लिहिलेलं, तिच्या तिरक्या अक्षरातलं. वरून मॅट मीडियमचा ब्रश फिरवला आणि दोन सेकंदांत अक्षरांचं निळं पाणी झालं. ते पान गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून मूळ कागद, मूळ पत्र, मूळ फोटो मी चित्रात वापरत नाही. चांगल्या, आम्लरहित कागदावर लेझर प्रत काढते. लेझरची शाई ही पावडर असते, पाण्याने हलत नाही. इंकजेट प्रिंटची शाई बऱ्याचदा पसरते. कुठलीही प्रत वापरण्याआधी तिच्या कोपऱ्यावर ओलं बोट घासून बघा.

वर्तमानपत्राचा कागदही असाच फसवा. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते उजेडात पिवळं आणि ठिसूळ होतं. बातमीचं कात्रण हवं असेल तर त्याचीही प्रतच.

चिकटवताना मीडियम पायावरही लावा आणि तुकड्याच्या पाठीवरही. पातळ कागद आधी मिनिटभर ओला होऊ द्या. तो थोडा प्रसरण पावतो आणि मग लावल्यावर सुरकुत्या कमी पडतात. मधून कडेकडे, जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने हवा बाहेर काढत न्या. वर बेकिंग पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर. कापड आधी धुऊन घ्या म्हणजे खळ निघते आणि मग त्याला पातळ मीडियम लावून वाळवा. असं कापड कागदासारखं कातरता येतं, कडेचे दोरे निघत नाहीत.

पायरी पाचवी: फोटो उतरवणं

फोटो नुसता चिकटवला तर तो चिकटवलेला फोटोच दिसतो. त्याची छपाई पायावर उतरवली तर मागचा कागद, आकडे, रंग सगळं त्यातून दिसतं. हातांना मला तेच हवं होतं: वहीच्या आकड्यांतून आलेले हात.

फोटोची लेझर प्रत काढा, प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी करून. उतरताना ती पुन्हा उलटते. फोटोत अक्षरं असतील तर हे विसरून चालणार नाही. मी विसरले आहे. प्रतीवर जेल मीडियमचा सारखा, जरा जाड थर द्या, पालथी घालून पायावर दाबा, बुडबुडे काढा आणि पूर्ण रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी ओल्या स्पंजने कागद भिजवा आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळा. कागदाच्या गुंडाळ्या निघत जातात, छपाई खाली राहते. एका बैठकीत संपवू नका. वाळलं की पुन्हा पांढरट धुकं दिसतं, पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. तिसऱ्या-चौथ्या वेळी थांबा. उरलेलं धुकं वरून मॅट मीडियमचा हात दिला की बरंचसं नाहीसं होतं.

थोडं जास्त चोळलं जाऊन एखादं बोट खरवडलं जाईल. माझ्याकडे अंगठ्याचा एक भाग गेला. दुरुस्त करायला ब्रश उचलला आणि ठेवून दिला. पुसलेल्या आकड्यांच्या शेजारी पुसलेला अंगठा.

पायरी सहावी: शब्द

‘नारी’, ‘शक्ती’, ‘स्वप्न’, ‘उंच भरारी’ हे शब्द काही वर्षं तरी चित्रात लिहू नका. हे सगळ्यांचे आहेत, म्हणजे कोणाचेच नाहीत. त्याऐवजी त्या वस्तूच्या आसपास प्रत्यक्ष बोललं गेलेलं एखादं वाक्य आठवा. मी मावशीला विचारलं, बायका तुला सगळ्यात जास्त काय सांगायच्या? तिला विचार करावा लागला नाही. “जरा सैल ठेवा,” ती म्हणाली. “सगळ्या तेच म्हणायच्या. श्वास घेता आला पाहिजे ना गं.”

तीन शब्द. चित्र तिथेच झालं, बाकी हमाली राहिली.

दोऱ्याने लिहिण्याला फार जुनी परंपरा आहे, आणि ती गोड नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीने १८३० च्या सुमारास भरलेलं एक कापड आहे. मुलींना भरतकाम शिकवायचं ते अक्षरं गिरवायला आणि सुविचार भरायला. हिने लाल दोऱ्याने, ओळीमागून ओळ, स्वतःवर झालेला अत्याचार आणि जीव देण्याचे विचार लिहिले. मजकूर वाक्याच्या मध्येच तुटतो, खाली कापड कोरं आहे. जर्मनीत आग्नेस रिख्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईने १८९५ च्या सुमारास मनोरुग्णालयातल्या आपल्या जाकिटावर आतून-बाहेरून अक्षरं भरली; ती अंगाला घासून इतकी झिजली की पुष्कळशी आता वाचता येत नाहीत. ही कामं आठवली की सुंदर अक्षराचा आग्रह आपोआप सुटतो.

पायरी सातवी: कागदावर टाके

आधी भोकं, मग सुई. शब्द ट्रेसिंग पेपरवर लिहा, तो जागेवर धरा, खाली जाड घडीचा टॉवेल ठेवा आणि दाभणाने भोकं पाडत जा. दोन भोकांत चार-पाच मिलिमीटर अंतर. त्याहून जवळ घेतलीत तर कागद तिकिटासारखा त्या रेषेवर फाटतो. वळणांवर तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, पण मग त्या जागी मागून कापडाची पट्टी चिकटवून घ्या. भरतकामाच्या दोऱ्यात सहा पदर असतात, त्यातले दोन किंवा तीन घ्या. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता. मागे गाठ मारली तर ती पुढे उंचवटा म्हणून दिसते. त्यापेक्षा टोक मास्किंग टेपने दाबून टाका.

साध्या रेषेला धावदोरा, अक्षराला बखिया, म्हणजे उलटी टीप. देवनागरीचा एक त्रास आणि एक फायदा आहे. त्रास जोडाक्षरांचा: दोन सेंटिमीटरपेक्षा लहान अक्षरात ‘क्ष’ किंवा ‘त्त्व’ भरायला गेलात तर भोकांची चाळणी होते. फायदा शिरोरेषेचा. ती वेगळा, लांब दोरा ठेवून, वरून बारीक टाक्यांनी पकडून भरता येते, आणि सगळा शब्द तिला टांगल्यासारखा दिसतो. ‘जरा सैल ठेवा’मध्ये मी अक्षरं घट्ट भरली आणि शिरोरेषेचा दोरा फक्त दोन्ही टोकांना शिवला. मधे तो झोळासारखा खाली येतो. लोक जवळ येऊन आधी तोच नीट करायला बोट पुढे करतात.

टेपही अशीच शिवली, गोंद न लावता, दर दोन इंचांना एक टाका. पुढे कधी कुणाला ती परत हवी असेल तर उसवता येईल.

दुसरीची गोष्ट, दुसरीचं नाव

मावशीचा चेहरा घ्यायचा माझा बेत होता. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, “माझं तोंड कशाला? हात दाखव. शिवलं हातांनी.” मी थोडी हिरमुसले, पण तिचं बरोबर होतं. नकार मिळाल्यावर चित्र सुधारतं, हा माझा अनुभव पुढेही टिकलाय. परवानगी तोंडी घेऊन विसरू नका. चित्र कुठे लागणार आहे, इंटरनेटवर जाणार आहे का, विकलं गेलं तर काय, हे सगळं आधी सांगा, आणि पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा त्या बाईलाच दाखवा.

मापांच्या वहीत आणखी एक अडचण होती. प्रत्येक मापाशेजारी एका बाईचं नाव होतं. स्वतःच्या छातीचं माप भिंतीवर टांगायला यांतल्या कुणी हो म्हटलं नव्हतं. प्रती काढून मी एकेका नावावर पांढऱ्या कागदाचं बारीक ठिगळ लावलं, आकडे तेवढे ठेवले. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. आता चित्राकडे पाहिलं की ती ठिगळं आधी दिसतात, आणि मला ते आवडतं.

मासिकांतले फोटो वापरताना लक्षात ठेवा की ते कुणीतरी काढलेले असतात. सरावाला काहीही कापा. प्रदर्शनाला किंवा विक्रीला लावायच्या कामात स्वतः काढलेले, घरातले किंवा वापराची मोकळीक असलेले फोटो घ्या.

पायरी आठवी: थांबणं, बसवणं, टांगणं

चित्र संपलं की नाही हे कळत नसेल तर ते आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. आठव्या दिवशी फिरवल्यावर पहिल्यांदा हात जिथे जाईल तिथे एक काम करा आणि बास. चकाकी, मणी, सोनेरी कड लावायची सुरसुरी या टप्प्यावर येते. पहिल्या चित्रातले माझे पंख अशाच सुरसुरीतून आले होते.

टाके पूर्ण झाल्यावर कागद प्लायवर बसवा. प्लायलाही आधी दोन्ही बाजूंनी जेसो. जेल मीडियम लावून कागद ठेवा, टाक्यांवर घडी केलेला टॉवेल आणि मग वजन, एक दिवस. वार्निश फक्त रंग आणि कागदाच्या भागावर, आणि अ‍ॅक्रिलिक पूर्ण मुरल्यावर. जाड थरांना दोन-तीन आठवडे द्या. दोऱ्यावर आणि कापडावर वार्निश गेलं की ते काळवंडतं आणि ताठ होतं. स्प्रे वापरणार असाल तर उघड्यावर वापरा.

काच थेट चित्रावर टेकवू नका, टाके चपटे होतात आणि ओल धरते. खोल पेटीसारखी फ्रेम करून घ्या, काचेत आणि कामात किमान दोन सेंटिमीटर जागा राहील अशी. माझी टेप लोंबत होती, म्हणून मी काचच लावली नाही. धूळ बसते, मऊ कोरड्या ब्रशने झाडते. उन्हाच्या झोतात मात्र काच असो वा नसो, टांगू नका. दोऱ्याचा रंग फिका पडतो.

‘हे हस्तकलेत येतं, चित्रकलेत नाही’ असं कुणीतरी म्हणेल. वाद घालायला गेलात तर संध्याकाळ जाईल. त्या वेळात पुढच्या कामाची भोकं पाडून होतात.

टांगण्याआधी पाठीवर पेन्सिलने शीर्षक, तारीख, वापरलेलं सगळं सामान आणि वस्तू कुणाची होती ते लिहा. पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर गोंद कुठला होता हे कळायला हवं. मी हे लिहीत असताना मावशी शेजारी उभी होती. तिने चित्र उलटंच हातात घेतलं, शिवणकाम करणारी माणसं कपडा आधी आतून बघतात तसं, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “सै-ची दुसरी मात्रा सुटायला आलीये. दे इकडे सुई.”